लामेर वाट बघते

नागपूर विमानतळाच्या मागच्या अंगाला परदेशी प्राणी विलगीकरण केंद्र आहे. तिथल्या तिसऱ्या कक्षात, काचेपलीकडे, लामेर नावाची एक तांबूस, उभ्या कानांची कुत्री दाराकडे तोंड करून बसली होती. काचेच्या अलीकडे डॉ. कुमुद उमाठे पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होत्या. आकडा अठ्ठ्याण्णव होता. सकाळी तोच होता, काल तोच होता, कुत्री मॉरिशसहून आली त्या दिवशीही तोच होता. उमाठेबाईंच्या डोळ्यांदेखत देशोदेशींच्या कुत्र्यांनी वाट बघितली होती, पण इतक्या चिकाटीने कुणी बघितली नव्हती. तिच्यावर रागवावं की तिला नमस्कार करावा, हे बाईंना ठरवता येत नव्हतं.

तो आकडा वाट बघण्याचाच होता. घड्याळ नसताना कुत्र्याला वेळ कशी कळते, या एका प्रश्नावर बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. उत्तर मिळालं ते नाकात. मालक घराबाहेर पडला की त्याचा वास मागे उरतो आणि हळूहळू विरत जातो. तो किती विरला, यावरून कुत्रं ताडतं की माणसाला जाऊन किती वेळ झाला. संध्याकाळी मालक यायच्या आधी ते दारात जाऊन बसतं, त्यात चमत्कार काही नसतो. रोज वास तेवढाच विरला की माणूस येतो, एवढं त्याला पाठ असतं. बाईंनी याला गंधघड्याळ असं नाव दिलं. हे घड्याळ चालतं तेव्हा कुत्र्याच्या मेंदूत, नाकाच्या मुळाशी, एक लहर उठते. माणूस समोर असला की ती निजलेली असते, त्याचा वास विरेल तशी ती वाढते. कपाळाला बांधायची बोटभर रुंदीची पट्टी ती लहर मोजायची. माणूस समोर असला की शून्य, पार नाहीसा झाला की शंभर. या यंत्राला केंद्रात सगळे प्रतीक्षामापक म्हणत.

मालक कायमचा गेला तर काय होतं, तेही बाईंनी मोजलं होतं. आकडा शंभराच्या घरात जाऊन काही आठवडे तिथे टिकतो आणि एके दिवशी लहर मोडते. त्या दिवशी कुत्रं पोटभर जेवतं आणि अंग सैल सोडून झोपतं. त्यानंतरच त्याला नवं घर द्यायचं, असा केंद्राचा नियम होता. लहर मोडलीच नाही तर कुत्रं अन्न सोडतं, आणि मग कुठल्याच औषधाचा उपयोग नसतो. लामेरच्या बरगड्या आता काचेतूनही दिसायला लागल्या होत्या. विलगीकरणाची मुदत संपेपर्यंत लहर मोडली नाही, तर तिला पुन्हा बेटावरच्या निवाऱ्यात पाठवावं लागणार होतं. परतीचा प्रवास ती सोसणार नाही, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

लामेरला मागणी घातली होती इतवारीतल्या प्रभंजन कोहळ्यांनी. संत्राबर्फीचं नावाजलेलं दुकान, वय पंचेचाळीसच्या आसपास, गोल चेहरा, बोलणं भरभर आणि सगळं मनापासून. पाच वर्षांपूर्वी या माणसाच्या हाडांतली मज्जा बिघडली होती. मज्जा म्हणजे रक्त बनवायचा कारखाना, आणि त्यांच्या कारखान्यातून बंडखोर पेशी बाहेर पडायला लागल्या होत्या. होती ती मज्जा औषधांनी जाळून टाकायची आणि तिथे दुसऱ्या कुणाची तरी पेरायची, एवढा एकच उपाय होता. नात्यागोत्यात कुणाची जुळेना. जुळली ती मॉरिशसच्या मालिनी रामजी या बाईंची. त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेले होते. ना ओळख ना देख, तरी या बाईंनी आपल्या शरीरातून पेशी काढून दिल्या. पुढे कधी लागल्या तर असाव्यात म्हणून थोड्या जास्तही दिल्या, आणि त्या नागपूरच्या इस्पितळात राखीव म्हणून गोठवून ठेवल्या होत्या.

पुढे दोघांच्या संमतीने नावं कळली आणि फोनवर बोलणं सुरू झालं. मालिनी होडी चालवायच्या, पाहुण्यांना समुद्रातली प्रवाळं दाखवायच्या. गणपतीच्या आरत्यांवर पोसलेलं त्यांचं मराठी अडखळत यायचं, पण 'भाऊ' ही हाक मात्र खणखणीत असायची. होडीच्या टोकाशी कुत्री बसलेली असायची. तिचं नाव लामेर, तिकडच्या बोलीत समुद्र. मग मागच्या वर्षी चक्रीवादळ आलं. मालिनी होडी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर गेल्या, अडकलेली माणसं किनाऱ्याला आणली आणि शेवटच्या फेरीला गेल्या त्या परतल्या नाहीत. लामेर धक्क्यावर बसून राहिली. बचावपथकाच्या लोकांनी तिला अक्षरशः उचलून नेलं, तेव्हा तिच्या अंगात प्रतिकार करायचीही ताकद नव्हती. प्रभंजनना हे कळलं तेव्हा ते भट्टीवर होते. हातातला झारा खाली ठेवून ते म्हणाले, की तिला मी आणतो.

त्यांच्या बायकोला, उत्तराबाईंना, हे एवढं सोपं वाटलं नाही. गल्लीत दोन वेळच्या पोळीसाठी शेपट्या हलवणारी कुत्री थोडी होती का, हा त्यांचा पहिला सवाल. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेल्या जिवाला नागपूरच्या मे महिन्यात आणून शिजवायचं का, हा दुसरा. आणि तिसरा त्यांनी एकदाच विचारला, तोही चहाचा कप धुताना, मान वर न करता. तुम्ही तिले तिच्यासाठी आणून राहिले की तुमच्या मनाच्या समाधानासाठी? पण उत्तराबाई नाही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला इस्पितळाच्या गादीवर बघत त्यांनी जो काळ काढला होता, त्यात या मालिनीबाईंचं नाव माहीत नसतानाही त्यांनी रोज त्यांना हात जोडले होते.

पहिल्या भेटीचा दिवस ठरला आणि प्रभंजननी घोटाळा केला. त्यांच्या डोक्यात हा सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम होता. सकाळी उटणं लावून आंघोळ, घोटून दाढी, कोऱ्या सदऱ्याला हिना अत्तर, वर कानात अत्तराचा फाया. केंद्रातल्या मंडळींसाठी पोहे आणि चण्याच्या तर्रीचा डबा. "कुत्री पाहायले चालले का सून पाहायले?" असं उत्तराबाईंनी विचारलं खरं, पण तर्री त्यांनीच केली होती आणि नवी साडीही नेसल्या होत्या. कक्षाचं दार उघडलं, लामेरने एकदा हवेत नाक धरलं, तीन-चार वेळा शिंकली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली. आकडा अठ्ठ्याण्णववरून हलला नाही. प्रभंजन बराच वेळ 'विनी, विनी' करत उकिडवे बसले होते. तिकडच्या बोलीत 'ये' म्हणायला तो शब्द आहे, एवढं त्यांनी शोधून काढलं होतं.

उमाठेबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. कुत्र्याचं नाक म्हणजे त्याचे डोळे, आणि तुम्ही त्या डोळ्यांत मूठभर तिखट टाकून गेलात. आता भट्टीवरून उठून थेट इकडे यायचं, साबण नको, अत्तर नको, कपडेही बदलायचे नाहीत. प्रभंजनना घामट अंगाने कुणाकडे जायची फार लाज वाटली, पण गेले. खव्याचे डाग पडलेला बनियन, वर जुना सदरा.

दार उघडलं. लामेर नेहमीसारखी बसली होती. तिने मान वळवली, उठली, चालत आली. धावली नाही. प्रभंजनच्या पायाशी येऊन तिने आधी गुडघ्याच्या मागे हुंगलं, मग मनगट, मग ते खाली वाकले तसं कानामागे, आणि तिथे नाक खुपसून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मग ती त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून पडली आणि डोळे मिटून घेतले.

पडद्यावर शून्य होतं.

उमाठेबाई उठून उभ्या राहिल्या. मोडलेली लहर त्यांना ठाऊक होती. ती उतरताना तुटक तुटक उतरते, आणि उतरून दहा-पंधरावर थांबते. हे शून्य तसलं नव्हतं. पट्टी सैल झाली असेल म्हणून त्यांनी ती बदलली. शून्य. प्रभंजनना बाहेर बोलावलं, दार लावलं. काही वेळाने आकडा हलायला लागला, तीन, पाच, आठ. पुन्हा आत पाठवलं, शून्य. लामेर आली तेव्हा तिच्यासोबत मालिनीची एक कापडी टोपी आली होती. यंत्राचं शून्य पक्कं करायला ती काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली होती. पहिल्या दिवशी बरणी क्षणभर उघडून लामेरसमोर धरली, तेव्हा आकडा असाच शून्यावर आला होता. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा.

बाईंनी डॉ. प्रशांत मेश्रामांना फोन लावला. प्रभंजनचे रक्तविकारतज्ज्ञ तेच होते, आणि दोघांची कॉलेजपासूनची ओळख होती. मेश्राम तासाभरात आले, काचेतून आत बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसतं तसलं कौतुक होतं.

"कुमुद, माणसाला स्वतःचा म्हणून जो वास असतो, तो येतो कुठून?"

"त्वचा, घाम, त्यातले जिवाणू, खाणंपिणं. पण मूळ पाया पेशींवरच्या ओळखखुणांचा. रक्तपेशी सतत मरतात, त्यांच्या खुणांचे तुकडे घामातून बाहेर पडतात. सख्ख्या भावांचेही सारखे नसतात."

"मग यांच्या रक्तपेशी कोणाच्या आहेत?"

इतकी वर्षं नाकाचा अभ्यास करून एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी सुचू नये, याचा उमाठेबाईंना राग आला. मग त्यांनी शंका काढली. मज्जा जुळली म्हणजे खुणा सारख्या होत्या, तर वास वेगळा कसा? मेश्राम म्हणाले, की आपण जुळवतो त्या मोठ्या खुणा, चार-सहा. बारीक खुणा हजारोंनी असतात आणि त्या मालिनीबाईंच्या स्वतःच्याच आहेत. पाच वर्षं प्रभंजनच्या हाडांत त्यांची मज्जा नांदते आहे, रोज नवं रक्त बनवते आहे, आणि ते रक्त रोज घामातून मालिनीबाईंचं नाव सांगतं. आपल्यापैकी कुणाला ऐकू येत नव्हतं, इतकंच.

"म्हणजे तिले वाटतं, मी मालिनीताई आहे?" प्रभंजननी आतूनच विचारलं. ते अजून फरशीवर बसून होते, पाय हलवायची त्यांची तयारी नव्हती.

"तुम्ही मालिनी नाही हे तिला दिसतं आहे. तुमच्या कातडीचा वास तुमचाच आहे," उमाठेबाई म्हणाल्या. "तिच्या लेखी मालिनी परत आली आहे, फक्त एका परक्या माणसाला सोबत घेऊन."

उत्तराबाई दाराशी उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. पदर तोंडाशी होता आणि डोळे भरून वाहत होते, पण जीभ जागेवर होती. "इतकी वर्षं एका बाईले घेऊन घरात वावरून राहिले हे, अन् मले पत्ताच नाही," त्या म्हणाल्या. मेश्राम मोठ्याने हसले. उमाठेबाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्यांना पुढचं दिसायला लागलं होतं.

केंद्रातून कुत्रं नेणाऱ्याला एक चाचणीचा महिना मिळे. जमलं नाही तर परत आणून द्यायची मुभा असे. बाई म्हणाल्या, की ही मुभा तुम्हाला नाही. दुसरं कुत्रं परत आलं तर एक घर हुकलं, एवढंच होतं. हिला परत आणलं तर तिच्या लेखी मालिनी दुसऱ्यांदा जाईल, आणि ते ती झेलणार नाही. तुम्ही अजून नाही म्हणू शकता. आज, आत्ता, तिची ही पहिलीच झोप आहे तोवर. उद्या नाही.

उत्तराबाईंनी मेश्रामांना विचारलं, की हा वास असा किती दिवस टिकायचा? मालिनीबाईंची मज्जा यांच्यात आहे तोवर टिकेल, ते म्हणाले. आणि ती नाही टिकली तर? पाच वर्षं झाली, आता ती शक्यता फार थोडी, दरवर्षी आपण तपासतोच. डॉक्टर हे ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात ते म्हणाले. उत्तराबाई आत गेल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि झोपलेल्या कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. लामेरने डोळा किलकिला करून पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"आपण हिले ठेवणार की नाही हे पाहायले आलो होतो," त्या हळूच म्हणाल्या. "ते तर हिने कधीचंच ठरवून टाकलं. चला घरी."

लामेर इतवारीत आली आणि बाजाराची लाडकी झाली. उमाठेबाईंनी तिच्या गळपट्ट्यात, मानेवरूनच लहर टिपणारा, छोटा प्रतीक्षामापक बसवून दिला होता. आकडे वाचायचा त्रास नको म्हणून त्याला एक दिवा होता, वाट बघणं नसेल तेव्हा हिरवा, वाढेल तसा पिवळा आणि मग लाल. प्रभंजन उधारी मागायला वर्ध्याला गेले की दुपारपर्यंत दिवा पिवळा व्हायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांची स्कूटर वळली की दुकानातली गिऱ्हाइकं 'झाला हिरवा' म्हणून एकमेकांना दाखवायची. उन्हाळ्यात तिच्यासाठी वाळ्याचा कूलर काउंटरखाली लावला गेला. खव्याच्या कढईजवळ ती कधी गेली नाही, बर्फीला तोंड लावलं नाही. बरगड्या दिसेनाशा झाल्या. उमाठेबाई दर महिन्याला यायच्या, यंत्रातली नोंद घ्यायच्या आणि जाताना तिच्या डोक्यावरून उगाचच हात फिरवायच्या. आयुष्यात बघितलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा हे नाक अचूक आहे, असं त्या मेश्रामांना म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांना स्वतःच्या यंत्राचा कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या होळीनंतर एके दिवशी उत्तराबाईंना काहीतरी खटकलं. प्रभंजन पाटावर बसून जेवत होते, लामेर त्यांच्या पायाशी होती आणि दिवा हिरवा नव्हता. पिवळाही म्हणता येईना, पण हिरव्यात पिवळं मिसळल्यासारखा होता. सेल उतरला असेल म्हणून त्यांनी तो बदलून घेतला. दोन आठवड्यांत दिवा चांगलाच पिवळा झाला, आणि प्रभंजन तर समोरच बसलेले असायचे. लामेर त्यांच्या कानामागे नाक नेऊन नेऊन हुंगायची, थांबायची, पुन्हा हुंगायची. मग ती उठून दारात जायला लागली. तिथे रस्त्याकडे तोंड करून बसायची, अगदी केंद्रात बसायची तशी. पुढ्यातलं अन्न अर्धं राहायला लागलं.

प्रभंजनना हे फार लागलं. बर्फीचा पाक दोनदा बिघडला. शेवटी ते लामेरला घेऊन केंद्रात गेले, उत्तराबाईही सोबत होत्या.

"तिले समजलं का, बाई?" त्यांनी विचारलं. "मी मालिनीताई नाही म्हणून? खोट्या माणसाबरोबर राहून राहिलो आपण, असं वाटत असेल का तिले?"

उमाठेबाईंना पहिल्यांदा तीच भीती वाटली होती. आपण एका प्रामाणिक जिवाला फसवलं आणि ती फसवणूक उघडी पडली, ही टोचणी त्यांना वर्षभर होतीच. पण त्या यंत्रावर जगलेल्या बाई होत्या. भीती वाटली म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, एवढी शिस्त अंगात होती. त्यांनी कपाटातली ती बरणी काढली आणि लामेरसमोर झाकण उघडलं. टोपीचा वास सुटताच दिवा झर्रकन हिरवा झाला. लामेरने शेपूट हलवली. झाकण लावलं, तसा दिवा हळूहळू पुन्हा पिवळा झाला. प्रभंजन तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

बाई बरणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कुत्री मालिनीला विसरलेली नाही. यंत्र बिघडलेलं नाही. मालिनीचा वास ताजा मिळाला की वाट बघणं थांबतं, आणि प्रभंजनजवळ बसून ते थांबत नाही. लामेर फक्त एकच गोष्ट मोजते, मालिनी किती दूर गेली. आणि ती सांगते आहे, की मालिनी जाते आहे. घरातून नाही, होडीतूनही नाही. ती जिथे उरली होती तिथून.

बाईंनी मेश्रामांना फोन लावला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "प्रशांत, प्रभंजनचं रक्त आजच्या आज बघ. नेहमीची मोजणी नको. कुणाच्या पेशी किती आहेत ते मोज."

मेश्राम आधी मानेनात. वार्षिक तपासणीला अजून अवकाश होता, माणूस ठणठणीत दिसत होता. नेहमीची मोजणी त्यांनी केलीच, आणि ती चोख आली. मग त्यांनी दुसरी तपासणी केली, पेशीपेशीची खूण बघून मालक ठरवणारी. शंभरातल्या आठ पेशी मालिनीच्या नव्हत्या. प्रभंजनच्या स्वतःच्या जुन्या मज्जेने, जी पुरती जळली असं सगळ्यांनी धरलं होतं, हाडांच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पुन्हा मूळ धरलं होतं. बंडखोर पेशी अजून दिसत नव्हत्या. त्या दिसेपर्यंत थांबले असते तर फार उशीर झाला असता, हे सांगताना मेश्रामांनी चष्मा काढून ठेवला. आत्ता मात्र हातात उपाय होता. मालिनीबाईंच्या राखीव पेशी इस्पितळात गोठवलेल्या होत्या. त्या सोडल्या की त्या आपल्या जागेवर आलेल्या पाहुण्यांना स्वतःच हुसकून लावतील, अशी आशा धरता येत होती. खात्री कुणी दिली नाही.

जास्तीच्या पेशी देताना क्षणभरही विचार न करणाऱ्या त्या बाईंना उत्तराबाईंनी पुन्हा हात जोडले. मेश्रामांनी फक्त एवढं म्हटलं, की जगातली कुठलीही प्रयोगशाळा हे इतक्या आधी सांगू शकली नसती. प्रभंजन खाली बसले आणि लामेरचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

पेशी चढवून झाल्या आणि प्रभंजन घरी आले. आता काही आठवडे थांबायचं होतं. ताप आला, अंगावर पुरळ उठली, ओसरली. मेश्राम म्हणाले, की ही लक्षणं चांगलीच, आत भांडण जुंपलं आहे. लामेर दारातच बसून होती. दिवा आता नारिंगीकडे झुकला होता आणि उत्तराबाई तिला हाताने दहीभात भरवत होत्या. ती त्यांच्या मनाखातर दोन घास घ्यायची, मग पुन्हा रस्त्याकडे. पलंगावरून प्रभंजन विचारायचे, दिवा कसा आहे. उत्तराबाई सांगायच्या, आहे तसाच. मेश्रामांचा अहवाल कधी येईल, हे दोघांपैकी कुणीही विचारत नव्हतं.

एके दिवशी दुपारी उत्तराबाई ओट्यापाशी होत्या. मागे नखांचा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. लामेर दारातून उठली होती. ती खोलीच्या मध्यावर थांबली, हवेत नाक धरलं, दोन पावलं गेली, पुन्हा थांबली. मग सरळ पलंगापाशी गेली. प्रभंजन झोपले होते, एक हात खाली लोंबत होता. तिने मनगट हुंगलं. मग पुढचे पाय पलंगावर टेकून कानामागे नाक नेलं आणि तिथे ती पुष्कळ वेळ उभी राहिली, पहिल्या दिवशी उभी होती तशी. उत्तराबाईंच्या हातातली पळी भाताच्या पातेल्यात तशीच राहिली. गळपट्ट्यावर नारिंगी होतं, मग पिवळं, मग पिवळ्यात कुठेतरी हिरवं मिसळायला लागलं.

लामेर खाली उतरली, पलंगाशेजारी अंग टाकलं आणि लोंबणाऱ्या हाताखाली डोकं सरकवून डोळे मिटले.

मेश्रामांचा फोन संध्याकाळी येणार होता. उत्तराबाईंना त्याची गरज उरली नव्हती. त्या खाली फरशीवर बसल्या, झोपलेल्या कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला, आणि नवऱ्याला जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "आल्या का मालिनीताई? बसा. चहा टाकते."